उत्पन्नाचा रकाना

एके सायंकाळी केज येथील आमच्या घरी शेजारच्या मावशी कागदांची पिशवी घेऊन आल्या. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पासबुक आणि पतीच्या मृत्यूचा दाखला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मी भरून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेतून विधवा स्त्रीला आज दरमहा १,५०० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे दिवसाला सुमारे ५७ रुपये, असा हिशेब मी मनातल्या मनात केला.

नाव, वय, पत्ता हे रकाने भराभर भरले. उत्पन्नापाशी मात्र लेखणी अडखळली. मावशींचे आयुष्य ऊसतोडीत गेलेले. मी विचारले, "गेल्या वर्षी तुम्हांला किती मिळाले?"

त्या म्हणाल्या, "ह्यांनी घेतलेली उचल अजून फिटली न्हाई. ती बी उत्पन्नात धरायची का रं, लेकरा?"

उचल म्हणजे मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम. ती हाती पडते तेव्हा पैसा दिसतो. परंतु पुढे तोडीच्या मजुरीतून ती वळती होत राहते आणि फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर जाते. तिला उत्पन्न म्हणावे की कर्ज? त्यात पतिपत्नी मिळून 'एक कोयता' धरण्याची आमच्याकडची रीत. ऐन हंगामात पती वारले आणि मावशी 'अर्धा कोयता' झाल्या. बाकी मात्र अर्धी झाली नाही.

अर्जाला दोष देता येत नाही. मदत गरजूपर्यंतच पोहोचावी, तर चौकशी करावीच लागते. पण ती चौकशी हाती काय आले एवढेच विचारते. डोक्यावर काय आहे, हे विचारीत नाही.

शेवटी खुरपणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस आम्ही बोटांवर मोजले. आकडा मर्यादेच्या आत आला. मला हायसे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. एका कष्टाळू बाईचे दारिद्र्य पुरेसे भरले, याचा तो आनंद होता.

अंगठा उमटवून मावशींनी विचारले, "अन् बाकीचं कुठं लिहायचं?"

मी अर्ज पुन्हा चाळला. तसा रकाना त्यात नव्हता.