मीठ आणि ममी

मित्रहो, या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी ‘मला नवीन कळलेली गोष्ट’ असा विषय दिला आहे. माझी गोष्ट थोडी दुःखाची आहे, तरी लिहिते.

इतिहासाच्या तासाला गुरुजींनी इजिप्तच्या ममीचे चित्र दाखवले. मेल्यावरही माणसाला त्याचे शरीर लागते, असे त्या लोकांना वाटे. म्हणून ते शरीर टिकवत. नाकातून आकडा घालून मेंदू काढत. फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी काढून चार बरण्यांत ठेवत. काळीज मात्र आतच राहू देत, कारण देव ते तराजूत पिसाबरोबर तोलतो अशी त्यांची समजूत होती. मग शरीर नेट्रॉन नावाच्या खारात ठेवून वाळवत आणि कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळत. सगळे मिळून ७० दिवस लागत.

वर्गात कोणी ‘शी’ म्हणाले, कोणी हसले. मला हसू आले नाही. खार म्हटल्यावर मला आमच्या घरचे मीठ आठवले.

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण नवव्या दिवशी वारली. बारसे व्हायचे होते, म्हणून तिला नाव नव्हते. बाबांनी शेताच्या बांधाजवळ खड्डा केला आणि घरातून मीठ नेले. मी आजीला विचारले, मीठ कशाला? आजी म्हणाली, “ल्हान लेकराला जाळत नसतेत, बाई. मिठानं लवकर मातीला मिळतंय.” म्हणजे इजिप्तमध्ये खार शरीर टिकवायला आणि आपल्याकडे मीठ मातीत मिळायला! मी फार विचारात पडले.

तास संपल्यावर मी गुरुजींना हे सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “१९२२ साली तुतनखामेन राजाची कबर सापडली. सोन्याच्या ढिगात दोन छोट्या पेट्याही होत्या. त्यांत जन्माआधीच गेलेल्या दोन मुलींच्या ममी होत्या. त्या बहुधा राजाच्याच मुली.”

मग त्यांनी आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत खोदकाम केले. तीन हजार वर्षांपूर्वी तिथले शेतकरी मेलेले लेकरू मातीच्या दोन रांजणांत ठेवत. रांजणांची तोंडे एकमेकांना लावत आणि राहत्या घराच्या जमिनीतच पुरत. जवळ छोटी भांडीही ठेवत.

संध्याकाळी आई भाकरी करत होती. मी तिला सगळे सांगितले. बाळ गेल्यापासून आई त्या बांधाकडे जात नव्हती. ती म्हणाली, “घरातच ठेवायचे का? मंग त्या मायला लेकरू जवळच वाटत असंल.” थोड्या वेळाने म्हणाली, “आन् त्या राजाच्या पोरींची नावं काय होती?”

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून आले. त्या पेट्यांवर मुलींची नावे नव्हती. हे ऐकून आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “राजाच्या घरीबी असंच झालं म्हणायचं.”

त्या रविवारी आई माझ्याबरोबर बांधावर आली. तिथे बसून तिने बाळाला एक नाव ठेवले. ते नाव आमच्या घरातच राहील.

मित्रहो, पुन्हा ममीचे चित्र पाहाल तेव्हा हसू नका. तिच्यासाठीही कोणाची तरी आई रडली असेल.