सारख्याच स्वरातला शोक

भीषण चित्रपट पाहावयाचा म्हणजे छातीवर दगड ठेवून तो संपेपर्यंत बसून राहावयाचे, आणि जो अखेरपर्यंत बसला तो खरा प्रेक्षक, असा एक समज रसिकांत रूढ आहे. परंतु बिलोलीसारख्या सरहद्दीवरच्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांना, त्यांच्या पालकांना आणि क्वचित कचेरीतून निवृत्त झालेल्या वृद्धांना असे चित्रपट दाखवण्यात ज्याची उमर गेली, त्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा समज अपुरा वाटतो. सोसण्याची शक्ती ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. पाहणे ही मात्र शिकावयाची गोष्ट आहे, आणि ती शिकताना डोळ्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, कानांचा उपयोग होतो.

हे कानांचे प्रकरण माझ्या ध्यानी आले ते सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरपाशी उभे राहून. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पत्र्याच्या गोल डब्यांत बंद होऊन आलेली प्रिंट यंत्रावर चढवावयाची, झरोक्याच्या वरचा आणि खालचा लूप बोटाने चाचपून पाहावयाचा, कारण लूप हरवला की चित्र थरथरू लागते आणि फीत फाटण्याची धास्ती उत्पन्न होते, आणि एकदा सेकंदाला चोवीस चित्रांची ती टिकटिक लयीत आली म्हणजे पडद्यापेक्षा माणसांकडेच अधिक लक्ष द्यावयाचे, असा माझा शिरस्ता होता. भयाण प्रसंग आला की पोरे माना खाली घालीत, बाया पदर डोळ्यांशी नेत. कान मात्र कोणालाच मिटता येत नसत. म्हणून ज्या दिग्दर्शकाने कानाचा विचार केला, त्याच्यावर माझा विश्वास बसू लागला. आलँ रेने याने १९५५ साली केलेला ‘नाइट अँड फॉग’ हा नाझी छळछावण्यांवरील अनुबोधपट अवघा ३२ मिनिटांचा, एका रिळात मावणारा. त्यात ओसाड छावण्यांतून वाढलेले गवत रंगीत दिसते आणि प्रेतांचे ढीग काळ्यापांढऱ्या जुन्या चित्रफितींत. आणि दृश्य जितके असह्य होत जाते, तितके हान्स आयस्लरचे संगीत सौम्य होत जाते. घाबरवण्याचे साधन हाताशी असून ज्याने ते वापरले नाही, त्याच्यापुढे वर्गातील दांडगी मुलेसुद्धा माना वर करून बसलेली मी पाहिली आहेत.

आपल्या देशात हा प्रश्न थेट न्यायासनापुढे गेला तो १९८८ च्या जानेवारीत. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली फाळणीवरील ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर चालू असता, तिने जातीय तेढ वाढेल अशी कैफियत घेऊन एक अर्जदार मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि त्यास तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. तेव्हा न्यायमूर्ती लेन्टिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी मालिका स्वतः पाहिली आणि मगच तो हुकूम उठवला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ‘तमस’च्या बाजूने फैसला दिला, आणि तो देताना नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ साली घालून दिलेला निकष ग्राह्य मानला: एखाद्या कृतीचा परिणाम जोखावयाचा तो डळमळीत मनाच्या, जिथे तिथे संकट दिसणाऱ्या माणसाच्या नजरेने नव्हे, समंजस आणि खंबीर माणसाच्या नजरेने. या निकषाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि असा खंबीर माणूस प्रेक्षागृहात तयार होऊन येत नाही, त्याला तेथेच घडवावा लागतो, एवढे मी शिक्षक या नात्याने त्यात जोडीन. ‘तमस’च्या प्रारंभी एका अंधाऱ्या कोठडीत नत्थू डुक्कर मारावयास झटतो, आणि तो दमलेला, घामाघूम, काकुळतीस आलेला माणूस व ते चीत्कारणारे जनावर यांची झटापट संपता संपत नाही. हा प्रसंग दाखवण्यापूर्वी काय येणार आहे ते मी स्पष्ट सांगत असे, दार उघडे ठेवीत असे, ज्यास उठावयाचे त्याने संकोच न करता उठावे अशी मुभा देत असे. मात्र आवाज कधी कमी करीत नसे. ज्याला जाण्याची मोकळीक असते तो बहुधा बसतो, आणि बसतो तो पाहण्यासाठी.

परंतु पाहावयाचे म्हणजे नेमके काय, हे मला सर्वांत स्पष्टपणे उमगले ते जिल्लो पोंतेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांमुळे. १९६० च्या ‘कापो’मध्ये छळछावणीतील एक स्त्री विजेच्या तारांवर स्वतःला झोकून देते, आणि कॅमेरा हलकेच पुढे सरकून तिचे मृत शरीर, वर राहिलेला हात, असे सुबक चौकटीत बसवतो. त्या एका सरकण्यावर झाक रिव्हेत या समीक्षकाने पुढच्याच वर्षी इतका कठोर लेख लिहिला की मृत्यूला देखणे करण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न तेव्हापासून चित्रपटशास्त्राच्या दप्तरी कायमचा दाखल झाला. रिव्हेतचा संताप मला रास्त वाटतो. पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्याच पोंतेकोर्वोने सहा वर्षांनी ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ केला. त्यात रात्रीच्या अंधारात कसबाच्या वस्तीत फ्रेंच पोलीस अधिकारी बॉम्ब ठेवतो आणि ढिगाऱ्यांतून अरबांची प्रेते निघतात. मग तीन अरब स्त्रिया वेष पालटून युरोपियनांच्या वस्तीत बॉम्ब नेतात, आणि स्फोटापूर्वी कॅमेरा त्या उपाहारगृहातील एकेका चेहऱ्यावर थांबतो, आइस्क्रीम चाटणाऱ्या लहान मुलावरही. दिग्दर्शकाची सहानुभूती कोणत्या पक्षाकडे आहे याविषयी तिळमात्र संदिग्धता नाही. तरीही दोन्ही स्फोटांनंतर, दोन्हीकडच्या मृतांवर, तेच एक शोकसंगीत वाजते.

हे संगीत बिलोलीत ऐकणे ही निराळी गोष्ट आहे. मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या तालुक्यातील अर्जापूर येथे १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातील त्या हुतात्म्याचे नाव आमच्याकडे मुलांना शाळेत जाण्याच्या आधीपासून ठाऊक असते. रझाकारांच्या अंमलात गावे जळाली, माणसे परागंदा झाली, हे घरोघर सांगितले जाते आणि सांगितले गेलेच पाहिजे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर सूडाचा जो वणवा पेटला, त्याची चौकशी करावयास पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती फिरली, आणि तिने सर्वाधिक पोळलेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांच्या जोडीला नांदेडही होता. हा अहवाल दीर्घकाळ दप्तरबंद राहिला, आणि त्यातील माणसे आमच्या सांगण्यातूनही गळून गेली.

अल्जीयर्सचा खेळ आटोपल्यावर पेशकारीतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ, जे एरवी पहिल्या मध्यंतरातच काठी टेकीत घरी जात, यंत्रापाशी येऊन मला म्हणाले, “गुरुजी, दोन्हीकडल्या मयतीला एकच बाजा लावला की वो त्यानं.” मग बाकावर बसून त्यांनी आपल्या गल्लीतील मेलेल्यांची नावे सांगितली, आधी रझाकारांच्या दिवसांतली, आणि किंचित थांबून, शेजारच्या गल्लीतली, त्यानंतरच्या आठवड्यांतली. रीळ उलटे गुंडाळण्याचे काम मी तसेच राहू दिले. भीषण चित्रपट माणसाला बधिर करतात असे जे म्हणतात, त्यांनी असा बाक एकदा पाहिलेला असावा, असे मला फार वाटते.

एलेम क्लिमोव्हच्या १९८५ च्या ‘कम अँड सी’मध्ये बेलारूसमधील एक किशोरवयीन मुलगा काही दिवसांत म्हातारा दिसू लागतो, आणि बॉम्बफेकीनंतर त्याच्या कानांतील गुणगुणीमागे साऱ्या जगाचा आवाज बुडून जातो, रहिवाशांसह जाळलेल्या ६२८ गावांचा उल्लेख शेवटी पडद्यावर येतो. त्या चित्रपटाची तीव्रता कल्पनेतून आलेली नाही. त्याचे सहलेखक आलेस आदामोविच हे स्वतः कुमारवयात पार्टिझन होते, आणि पुढे दोन लेखकमित्रांना घेऊन, ध्वनिमुद्रण यंत्र खांद्याला लावून, ते जळालेल्या गावांतून वाचलेल्यांच्या जबान्या घेत हिंडले. चित्रपट त्याच्यानंतर आला.

आमच्या सरहद्दीवर असा चित्रपट, ज्यात दोन्ही गल्ल्यांवर एकच स्वर वाजेल, मी अद्याप पाहिलेला नाही. परंतु जबान्यांचे काम कोणा दिग्दर्शकाची वाट पाहत थांबण्याजोगे नाही, कारण सांगणारे भराभर जात आहेत. माझे काही जुने विद्यार्थी आता मोबाईल घेऊन कुंडलवाडी, धर्माबाद, नायगाव या बाजूंना जातात. मी त्यांना दोन तजविजी करून दिल्या आहेत: एका गावात एकाच वस्तीत जाऊन परतायचे नाही, आणि बोलणारा गप्प झाला तर मुद्रण बंद करायचे नाही.