होडीचा टप

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. होडीला टप बसवायचा की नाही?

होडीवाले त्याला स्प्रे डॉजर म्हणतात. मी टप म्हणते, कारण तो दिसतो तसाच. स्टीलच्या वाकवलेल्या दोन नळ्या, त्यांवर ताणलेलं जाड कापड आणि समोरच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. केबिनच्या दारावर तो बसवतात. होडी वाऱ्याच्या तोंडावर चालली की नाळ लाटेवर आपटते, पाणी फुटतं आणि त्याचे फवारे वाऱ्याबरोबर मागे येऊन बसलेल्यांच्या तोंडावर फाडकन बसतात. ते अडवायला टप. बेळगावला आमच्या लहानपणी टांग्याला असायचा, हल्ली रिक्षाला असतो, तोच हा.

तुम्ही म्हणाल, जैनाच्या घरात होडी कुठून आली? माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं. ह्यांची बत्तीस वर्षं वास्कोला जहाजदुरुस्तीच्या कामात गेली. आमच्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात येऊन मांडवी होते. तिचंच नाव दिलेली ५६ फुटांची शिडाची होडी इथल्याच दिवाडी बेटावर बांधली गेली आणि तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता. निवृत्त झाल्यावर ह्यांनी जुनी, बावीस फुटांची, फायबरची होडी घेतली. पर्वरीच्या घरापासून वीस मिनिटांवर, वेऱ्याच्या बाजूला ती नांगरलेली असते.

सासूबाईंना दिग्व्रत आहे. कुठल्या दिशेला किती जायचं याची मर्यादा त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी महाराजांसमोर घालून घेतली. पूर्वेला सम्मेदशिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि पश्चिमेला समुद्र. होडी आली तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी पश्चिम किनाऱ्यावर संपते. तुम्ही तुमचं बघा. पण पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात एवढं लक्षात ठेवा, आणि सूर्य बुडायच्या आत जेवायला घरी या."

पहिली दोन वर्षं मी होडीत बसायची ती डबा सांभाळायला. २०१८ च्या मे महिन्यात 'तारिणी' परत आली. नौदलाच्या सहा मुली जगाला फेरी मारून गोव्यात उतरल्या. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो सासूबाईंनी भिंगातून पाहिला आणि मला म्हणाल्या, "ह्या पोरी चालवतात, आणि तू नुसती बसतेस होय?" पुढच्याच रविवारी मी ह्यांच्या हातून सुकाणूचा दांडा मागून घेतला. सुरुवातीला उलटंच व्हायचं. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे हाताला कळायला महिना गेला. पण एकदा कळलं आणि मग दांडा माझ्याकडेच राहिला. शिडाच्या दोऱ्या ह्यांच्याकडे, सुकाणू माझ्याकडे. आयुष्यात गाडी चालवली नव्हती, बँकेचं पासबुकही हेच बघायचे. चार फूट अकरा इंचांच्या बाईच्या हाताखाली बावीस फुटांचं काहीतरी वळतं, याची चव काय असते ते मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

आता टपाकडे येते. त्याला कारण झाला फेब्रुवारीतला एक दिवस.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी तो पालटतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. तीन-चार वाजेपर्यंत तो चांगला भरतो. शिडावर पोट असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पहाटे मतलईवर बाहेर पडायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायची. जाताना वारा पाठीला, येतानाही पाठीला. त्या दिवशी आम्ही मात्र काबोला वळसा घालून दक्षिणेला जुवारीच्या बाजूला गेलो, आणि गप्पांत उशीर केला. परतताना काबोचं टोक गाठायचं म्हणजे थेट वायव्येला, वाऱ्याच्या तोंडात. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडात सरळ जात नाही. कधी डावं अंग, कधी उजवं अंग वाऱ्याला देत नागमोडी जावं लागतं. दोन तास आम्ही तसे गेलो, आणि दर चौथ्या लाटेला बादलीभर पाणी अंगावर. पुढे मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तिथे ओहोटी बाहेर ओढत होती आणि वारा आत ढकलत होता. असं झालं की लाटा उभ्या होतात, बुटक्या आणि एकमेकींना चिकटून. शेवटची बादली तिथे बसली.

मांडवीत शिरल्यावर वारा पाठीला आला, सगळं निवांत झालं. तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. दोरी मोकळी करायला हात जात होता पण बोटं मिटत नव्हती. गोव्यात, फेब्रुवारीत, माणूस थंडीने कुडकुडत होता. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयात स्टेंट घातला आहे, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

घरी पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. आमच्या घरात त्यानंतर चूल पेटत नाही, पाणीही घेत नाहीत. ह्यांना घोंगडीत गुंडाळून बसवलं. नव्वदीच्या सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या, स्वतः दूध तापवून आणलं आणि मुलासमोर पेला धरला. "घे. प्रायश्चित्त काय ते उद्या सांगते."

दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी टपाची चित्रं काढायला सुरुवात केली. जो येईल त्याला सांगायचे, "हिला फार भिजायला होतं. हिच्यासाठी टप करतोय."

मला बरं वाटलं. का वाटू नये? नवरा आपल्या सुखाचा विचार करतोय. पण मी कधी तक्रार केलीच नव्हती. तरी म्हटलं असू दे.

जून लागला. वाळूच्या बांधावरून पावसाळ्यात ये-जा बंद होते, मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. आमची होडी किनाऱ्यावर लाकडी घोड्यांवर चढते, वर ताडपत्री. सासूबाई म्हणतात, तिचाही चातुर्मास. महाराज चार महिने एका गावी थांबतात, होडी चार महिने एका जागी. या चार महिन्यांत टप करायचा होता.

होडीचंच काम करणाऱ्या एका कारागिराने ८५ हजार सांगितले. मी म्हटलं, त्यात रिक्षाला किती टप होतील? परिग्रहाचं परिमाण फक्त सासूबाईंनीच ठेवायचं का? पैशाखेरीजही टपाचे तोटे आहेत, आणि ते ह्यांनीच मला शिकवले होते. तो वारा धरतो, त्यामुळे धक्क्याला लागताना होडी भलतीकडे सरकते. पुढे नाळेकडे जायची वाट आधीच वीतभर, ती आणखी अडते. वर बूम फिरतो, त्याला टप लागून चालत नाही. आणि गोव्याच्या उन्हात पारदर्शक प्लॅस्टिक काही वर्षांत पिवळं पडतं. मीठ बसलं की त्यातून काही दिसत नाही. कोरड्या फडक्याने पुसलं तर चरे जातात, आधी गोड्या पाण्याने धुवावं लागतं. भर समुद्रात गोडं पाणी पिण्यासाठी गाळून नेलेलं, ते खिडकी धुवायला ओतायचं का?

वेऱ्याच्या एका म्हाताऱ्या रापणकाराने तर एका वाक्यात निकाल दिला. "वारें पळोवन वचात, टप कित्याक जाय?" वारा बघून जा, टप कशाला हवा? मला ते शंभर टक्के पटलं. आम्ही भिजलो ते टप नव्हता म्हणून नाही, वेळ चुकवली म्हणून.

हे मात्र गप्प राहिले. मग एका रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा म्हणाले, "चल, करून तरी बघूया की." वायरिंगचे प्लॅस्टिकचे पाइप वाकवून त्यांनी केबिनच्या छपरावर बांधले. त्यावर माझी जुनी इरकल, कपड्यांच्या चिमट्यांनी. पैसे घालण्याआधी असं सोंग उभं करून पाहावं हे उत्तम, कुणी विचारलं तर मी हेच सांगीन. मी शिडीने होडीत चढले आणि माझ्या जागेवर, सुकाणूपाशी बसले.

समोर नाळ नव्हती, नदी नव्हती. इरकलीचा लाल रंग होता, आणि त्याच्यावर आभाळ.

"अहो, मला काही दिसत नाही."

"तुला कशाला दिसायला हवं?" हे सहज म्हणाले. "तू आता टपाखाली बसायचं. कोरडी."

टांग्याचा टप मला एकदम आठवला. पाऊस आला की बाबा आम्हा मुलींना मागे टपाखाली ढकलायचे आणि स्वतः पुढे टांगेवाल्याशेजारी बसायचे. आम्ही कोरड्या घरी पोचायचो, पण वाटेत कॅम्प कुठे लागला, किल्ल्याचा खंदक भरला का, काही कळायचं नाही. बाबांची पाठ तेवढी दिसायची. प्रेमानेच बसवायचे ते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी आता साठीला आले होते, आणि पुन्हा कुणाची पाठ बघत घरी यायची माझी तयारी नव्हती.

मी उतरून आले. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "माझ्यासाठी करत असाल तर नको. मला भिजलेलं चालतं. मला दिसायला हवं."

हे ताटातल्या भाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला थंडी वाजते गं हल्ली. त्या दिवशी दोरी हातातून सुटली असती."

एवढंच. सासूबाई समोर होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

पाच महिने हा माणूस माझं नाव पुढे करून स्वतःसाठी निवारा मागत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. बायकोसाठी टप करणारा नवरा चारचौघांत शोभतो. मला थंडी सोसत नाही म्हणणारा पुरुष आमच्या पिढीत कुठे पाहिला होता? आणि मीही काय वेगळं केलं होतं? निळे ओठ मी पाहिले होते. पण रापणकाराचं शहाणपण मला पटलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. वेळ पाळावी हे खरंच. पण वारा काही आमचं घड्याळ बघून पालटत नाही, आणि सत्तरीला आलेल्या शरीराला एखादी चूक माफ व्हायला हवी.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन गेलो. मी सुकाणूपाशी ताठ बसले आणि ह्यांनी माझ्या डोळ्यांची रेष केबिनपर्यंत दोरीने ओढली. टपाची वरची कड त्या रेषेच्या तीन बोटं खाली. केबिनच्या छपरापासून मोजलं तर उंची जेमतेम एक वीत आणि दोन बोटं भरली. ह्यांच्या चित्रातल्या टपाच्या अर्ध्याहून कमी. आत शिरताना वाकावं लागणार, पण फवारा येतो तो नाळेवरून तिरका, बसक्या माणसाला तेवढा आडोसा पुरतो. वारा नसेल तेव्हा पुढे दुमडून ठेवता येईल असा. कडेला धरायला नळी. जिथे दोरी घासते तिथे चामड्याचा तुकडा लावतात, तो आम्ही नको म्हटलं. कापडच दुहेरी केलं. म्हापशाच्या एका रिक्षाचे टप शिवणाऱ्याने तो शिवला. साधा दोरा उन्हात कुजतो म्हणून पॉलिएस्टरचा दोरा आम्ही आणून दिला. ८५ हजारांच्या पाव पैशांत काम झालं, आणि शिवण थोडी वाकडी आहे.

नोव्हेंबरात होडी पाण्यात उतरली. पहाटे मतलईवर निघालो, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतलो, टप उघडावाच लागला नाही. डिसेंबरात एकदा लागला. बांधापाशी लाटा उभ्या होत्या. हे टपाला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसले, दोरी हातात. पहिला फवारा टपावर ताडकन वाजला. दुसरा टपावरून उडून माझ्या तोंडावर आला. खारट पाणी डोळ्यांत गेलं, पुसलं, आणि समोर आग्वादचं टोक स्वच्छ दिसलं.

"भिजलीस?" ह्यांनी खालून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही?"

"नाही."

सूर्यास्ताला अजून दीड तास होता. सासूबाई वाट बघत असणार, म्हणून मी दांडा जरा डावीकडे ढकलला आणि नाळ वेऱ्याच्या दिशेला धरली.