निम्मे मॉड बंद

बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम २०११ साली आला. खेळाडू आजही मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या जोडफाइली, वापरून त्यात नवी गावं, नवी हत्यारं, नवा पाऊस घालत आहेत. एवढा जीव लावलेला खेळ मेनूआधीच बंद पडला, की मन खट्टू होतं.

कारण बहुतेकदा सापडतं. एखादा मॉड ज्या मूळ फाइलवर उभा आहे, तीच नसते. किंवा खेळ अपडेट होतो आणि अनेक मॉडांना लागणारा स्क्रिप्ट एक्स्टेंडर हा पूरक प्रोग्राम जुनाच राहतो.

तरीही उलगडा झाला नाही, तर जाणकार निम्मे मॉड बंद करतात. खेळ चालला, तर दोष बंद केलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. १२८ मॉडांतला एकटा दोषी सात फेऱ्यांत हाती लागतो. ही चाचणी मात्र नवा खेळ सुरू करून घ्यावी. जुन्या सेव्हमधून मॉड काढला, तर त्याच्या स्क्रिप्ट मागे उरतात आणि कित्येक तासांचा प्रवास असलेला तो सेव्हच बिघडू शकतो.