घट्ट कुणाशी, सैल कुणाशी

इंजिनाच्या माउंटिंगला आपल्याकडच्या गॅरेजांत फाउंडेशन म्हणतात. घराचं फाउंडेशन खडकापर्यंत नेतात. हे फाउंडेशन मात्र रबराचं असतं. लोखंडी पत्र्यांच्या मध्ये चिकटवलेला, तळहातावर मावणारा एक ठोकळा. असे तीन-चार ठोकळे इंजिन-गिअरबॉक्सचं सगळं धूड पेलतात. जुन्या जीपमधलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचा बेत निघाला, की पहिली ओढाताण या ठोकळ्यांवरून होते आणि दुसरी बेल्टवरून. (आरसी बुकातली इंजिनाची नोंद बदलून घेणं हा तिसरा आणि कदाचित सर्वांत लांबणारा भाग, पण तो इथं नको.) गाडी थरथरते, बेल्ट चिरकतो, फॅन घासतो, मग इथं शिम सरकव, तिथं वायसर घाल, अशी ठिगळं लागतात. ही सगळी दुखणी वेगवेगळी दिसली तरी माझ्या मते बहुतेकांच्या मुळाशी एकच घोटाळा असतो. कुणी कुणाशी घट्ट राहायचं आणि कुणाशी सैल, हे ठरवण्याआधीच वेल्डिंग मशीन सुरू झालेलं असतं.

इंजिनानं चासीशी सैल राहायचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर संथ चालत असलं, तरी सेकंदाला पंचवीस धक्के देत असतं. रबराचं काम ते धक्के चासीपर्यंत पोचू न देण्याचं. अमेरिकेत क्रायस्लरनं १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावानं इंजिन रबरावर असं तोललं, की ते स्वतःच्या भारकेंद्रातून जाणाऱ्या आसाभोवती डोलू शकेल. पुढं फ्रान्सच्या सित्रोएननं ती युक्ती परवाना घेऊन उचलली. म्हणजे इंजिन हलतं हा तिथं दोष धरलाच नव्हता, त्याला हलायला नीट जागा करून दिली होती. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की शर्यतीच्या गाड्यांत इंजिन थेट लोखंडावर आवळतात, मग आपण का नाही? शर्यतीची गाडी तासा-दोन तासांनी उघडून तपासली जाते आणि तिच्या ड्रायव्हरच्या कंबरेची फिकीर कुणी करत नाही. रस्त्यावरच्या गाडीत तोच कंप ब्रॅकेटच्या वेल्डमध्ये, रेडिएटरच्या सांध्यांत, चासीच्या भोकांच्या कडांत जिरतो आणि काही महिन्यांनी तिथं केसासारखी चीर दिसते. मधला मार्ग म्हणून जरा कडक रबर टाकावं, असंही सुचवलं जातं. पण रबरावर बसलेल्या इंजिनाला स्वतःचा एक डोल असतो. तो या पंचवीसच्या बराच खाली राहिला तरच कंप अडतो. जवळ आला तर उलट वाढतो. इंजिन बंद करताना शेवटी जो एक जोराचा हेलकावा बसतो ना, तो याच डोलाचा. फेऱ्या उतरता उतरता त्या डोलाशी गाठ पडते. रबर नको तितकं कडक केलं, की ती शेवटची गाठ सिग्नलवर उभं असताना सतत भेटत राहते.

आता दुसरी बाजू. अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर ही इंजिनाची माणसं. त्यांनी इंजिनाशी घट्ट राहायचं. बॉनेट उघडून रेस दिली, की इंजिन एका अंगाला झुकताना दिसतं. ते झुकलं तर त्याच्याबरोबर या सगळ्यांनीही झुकलं पाहिजे, म्हणजे बेल्टला त्या झुकण्याची खबरच लागत नाही. इथंच सर्वांत महागात पडणारी चूक होते. जागा मिळेना म्हणून कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट चासीला वेल्ड करतात. बंद गाडीत पुल्या अगदी दोरीत दिसतात, आणि क्लच सोडला की दर खेपेला बेल्टची रेषा मोडते. उलट चूकही तितकीच प्रचलित आहे: बेल्ट खोबणीतून उडतो म्हणून इंजिनाच्या फाउंडेशनखाली शिम घालायची. पुल्या जर सगळ्या इंजिनावरच असतील, तर इंजिन चासीत तिरकं बसो की सरळ, त्यांच्या आपसातल्या रेषेत काडीचा फरक पडत नाही. शिम घालणाऱ्याची मेहनत खरी असते, पण ती भलत्याच्या खात्यावर जमा होते.

घट्ट म्हणजे किती नेमकं? बेल्ट रबराचा असतो, तो सांभाळून घेतो, असं म्हणणारे पुष्कळ. जुना व्ही-बेल्ट थोडाफार सोसतो हे खरं. बारीक खाचांचा रिब्ड बेल्ट मात्र फुटामागं साधारण दीड मिलिमीटरच्या पलीकडचा तिरकेपणा खपवून घेत नाही. गवंड्याची सुरुवात ओळंब्यानं होते, तशी इथली क्रँकच्या पुलीनं. ती एकटीच अशी आहे, की तिला हलवता येत नाही. बाकीच्यांनी तिच्याकडं बघून उभं राहायचं. मात्र तीच डुलत नाही ना, हे आधी पाहावं. काही पुल्यांच्या पोटात रबराचं कडं असतं आणि ते जुनं झालं की बाहेरची चकती सरकते. मग ओळंबाच वाकडा. पुलीच्या बाहेरच्या कडेला पट्टी लावली तर फसगत ठरलेली, कारण दोन पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या असतीलच असं नाही. माप खोबणीच्या मध्यातून घ्यायचं. डिझेलची पुली १७ मिलिमीटरच्या बी सेक्शनची आणि दुसऱ्या कुठल्या गाडीवरून काढलेला अल्टरनेटर १३ मिलिमीटरच्या ए सेक्शनचा, असं लग्न लागलं तर पट्टी लावायचीही गरज नाही: अरुंद बेल्ट रुंद खोबणीच्या तळाला टेकतो आणि भिंतींची पकडच सुटते. वायसरनं पुली पुढं-मागं होते, तिचा कल जात नाही; आणि कल बहुधा बेल्ट ताणल्यावरच उघड होतो, कारण पातळ पत्र्याचं ब्रॅकेट ताणाबरोबर क्रँककडं वाकतं. सैल बेल्टवर घेतलेलं माप म्हणून फुकट. बेल्ट नक्की कशासाठी ओरडतो हे चालत्या इंजिनात, हात लांब ठेवून, बाटलीतून पाण्याचा फवारा मारून कळतं: आवाज क्षणभर थांबून परत आला तर रेषा चुकली आहे, वाढला तर ताण कमी आहे.

राहिला प्रश्न इंजिनाच्या जागेचा. प्रोजेक्टच्या गाडीत कारखान्याचं काहीच उरलेलं नसतं, तेव्हा थोडं इकडंतिकडं चालायचंच, हा शेवटचा आक्षेप. कारखान्यापुढंही हाच पेच होता. विलीजनं जीपमध्ये हरिकेन इंजिन घालायचं ठरवलं तेव्हा ते आधीच्यापेक्षा उंच भरलं, कारण त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते. कंपनीनं १९५३ च्या सीजे-३बीमध्ये बॉनेटच वर उचललं. जीपचं नाक त्यानं बेढब झालं, असं म्हणणारे आजही भेटतात. तरी निवड शहाणपणाची होती, कारण बॉनेट हा नुसता पत्रा आहे. इंजिन खाली-वर केलं की गिअरबॉक्सच्या शेपटीचा कोन बदलतो. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉस जॉइंटांचे कोन सारखे राहिले नाहीत, तर शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा झटके देतो. ते उंच नाक महिंद्रांनी आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं बनवलं. आज त्याच नाकाखाली डिझेल बसवताना फॅन रेडिएटरला टेकतो, आणि इंजिन बोटभर मागं ओढायचा मोह होतो. तसं केलं की शाफ्ट कापून लेथवर पुन्हा जुळवावा लागतो. रेडिएटर बोटभर पुढं सरकवायला दोन ब्रॅकेट आणि चार बोल्ट पुरतात.