टेरियर आणि आपले अणुव्रत

कुरुळीत पूर्वी कुत्रा अंगणात राखणीला असे. आता पुणे-नाशिक महामार्गालगत इमारती उभ्या राहिल्या आणि तो घरातला सदस्य म्हणून सदनिकेत येऊ लागला. आमच्याकडेही नातवाने जॅक रसेल टेरियरचा हट्ट धरला. कुत्रा लहान, म्हणून फ्लॅटला सोयीचा, असा त्याचा युक्तिवाद. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे, पूर्वेतिहास पाहिल्यावाचून मंजुरी देणे मला जमत नाही.

‘टेरियर’ हा शब्द भूमी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. बिळात शिरून शिकार हुसकावणारा तो टेरियर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात जॉन रसेल या धर्मोपदेशकाने कोल्ह्याच्या शिकारीसाठी असे कुत्रे जोपासले. आज मांडीवर मिरवणाऱ्या यॉर्कशायर टेरियरचे पूर्वजही गिरण्यांत उंदीर मारत. उकरणे, भुंकणे, झडप घालणे हा त्यांचा दोष नव्हे, स्वभाव आहे. वजन पाच-सहा किलो असले तरी रोज भरपूर धावणे हवे; आणि आमच्या दाराशी तर चाकणच्या मालट्रकांची रांग.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. धावणाऱ्या जिवाला दिवसभर साखळीत ठेवणे हा बंध. भुंकला म्हणून छडी उगारणे हा वध. रूपासाठी टेरियरची शेपटी कापण्याची जुनी प्रथा हा उघड छेद. मुलगा-सून कामावर असताना नातवाचे सारे एकटेपण त्या जिवावर लादणे, हेही मला अतिभारारोपणच वाटते. राहिला आहार. आपला चौविहार आपण घेतलेला आहे, त्याने नव्हे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने आखलेल्या संतुलित शाकाहारावर कुत्रा राहू शकतो. नुसती दूधपोळी मात्र पुरत नाही. कांदा-लसूण त्यालाही अपायकारक, ही आपल्या स्वयंपाकघराची जमेची बाजू. पण खिरीतले बेदाणेही त्याला घातक असतात.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही आखूड साखळीने दीर्घकाळ बांधणे आणि पुरेसे अन्नपाणी न देणे गुन्हा ठरवले आहे. आपल्या आचार्यांनी हे कितीतरी शतके आधी सांगून ठेवले.

शेवटचा हिशेब मुदतीचा. हा कुत्रा तेरा ते सोळा वर्षे जगतो. मी चौसष्टीचा, नातू पाच-सहा वर्षांत शिक्षणासाठी बाहेर पडेल. मग परतफेड कोण करणार?

जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला, तेव्हा त्याची जात विचारली नव्हती. ही कथा सांगून मी नातवाला म्हणालो, ‘‘बाळा, टेरियर नको. लसीकरण व नसबंदी झालेला, शांत स्वभावाचा, प्रौढ गावठी कुत्रा निवारागृहातून आणू. अट एकच : तीन महिने रोज पहाटे सहाला माझ्याबरोबर फिरायला यायचे.’’

तो थोडा रुसला. पण आज बाविसावा दिवस आहे आणि एकही खाडा नाही.