कंपनीत आहे

नाशिकच्या सातपुरात लग्नाची बोलणी चालू असताना मुलगा काय करतो असं विचारलं, की उत्तर दोन शब्दांत येतं : "कंपनीत आहे." ती कंपनी टायर बनवते की पाने-पकडी, औषधं की स्विचगिअर, हे मागाहून. 'कंपनीत' एवढं ऐकलं की वधूपक्षाचा अर्धा जीव भांड्यात पडतो. उरलेला अर्धा पुढच्या प्रश्नात अडकलेला असतो : "पर्मनंट का?"

पुण्यात लोक 'आयटीत' असतात, मुंबईत 'सर्व्हिसला' असतात. सातपूर-अंबडकडचा माणूस कंपनीत असतो. कंपनीची बस, कंपनीचे बूट, कंपनीचा साबण, दिवाळीचा कंपनीचा डबा. बाजारात कुकरची शिटी घ्यायला गेलं तरी बायका विचारतात, "कंपनीची आहे ना? का लोकल?" तिथे कंपनी म्हणजे खात्री. कॉलेजातली पोरं 'चहाला कंपनी दे' म्हणतात, तिथे कंपनी म्हणजे सोबत. मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांत 'डी कंपनी' येते, तिथे काय ते सांगायला नको. एवढे सगळे अर्थ एकाच घरात दिवसभर नांदतात आणि कुणाची कुणाला अडचण होत नाही. (टोळक्याला आपण 'कंपू' म्हणतो, तो मात्र या कुळातला नाही. तो छावणीवरून, 'कॅम्प'च्या घराण्यातून आलेला आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेचे कंपू होते ते हेच.)

सातपूर हे नंदिनीकाठचं गाव. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्यानंतर इथल्या शेतांत प्लॉट पडले, पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, भोंगे वाजू लागले. १९८२ मध्ये नाशिकची महापालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेलं. पण कागदोपत्री कुठेही जावो, पत्ता सांगायचा झाला तर लोक कंपन्यांचीच नावं घेतात. महिंद्रा सर्कल, एबीबी सर्कल. शहराकडे आलात तर मायको सर्कल. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. त्या नावातला शेवटचा 'को' हीच आपली कंपनी. २००८ मध्ये कागदावर त्या कंपनीचं नाव बॉश झालं. रिक्षावाल्याला अजून 'बॉश सर्कल' म्हणून बघा, तो तुम्हाला पाहुणा समजेल.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कॉम' म्हणजे बरोबर आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. ज्याच्या बरोबर बसून भाकरी खाल्ली तो 'कंपानियो', सोबती. फ्रेंचांकडून तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजांकडे आला. आधी नुसती सोबत, मग सोबत्यांचा जमाव, मग शिपायांची तुकडी, मग व्यापाऱ्यांचा संघ असा तो मोठा होत गेला. गंमत अशी की याच 'पानिस'चा पोर्तुगीज वंशज गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपला पाव झाला. सकाळच्या पाळीचा माणूस गेटाबाहेरच्या गाड्यावर मिसळ खाताना "एक पाव वाढवा" म्हणतो, तेव्हा त्याच्या ताटलीतला पाव आणि पाठीमागच्या पाटीवरची कंपनी ही एकाच आजीची नातवंडं असतात. दोघं वेगवेगळ्या जहाजांनी आली, इतकंच.

आपल्याकडे हा शब्द पहिल्यांदा आला तो मात्र भाकरी वाटायला आला नव्हता. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्मली. एप्रिल १८१८ मध्ये तिच्या फौजेने त्र्यंबकचा किल्ला घेतला, आणि सातपूरवरून जाणारा त्र्यंबकचा रस्ता 'कुंपणी सरकार'च्या मुलखात गेला. कंपनीला आपल्या लोकांनी 'बहादूर' केलं, 'सरकार' केलं. ती एखादी राणी आहे की म्हातारी बाई, की नुसता खजिना, हे रयतेला कधी नीट कळलं नसणार. लंडनमधल्या भागधारकांना ते पक्कं ठाऊक होतं. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण दरसाल साडेदहा टक्के लाभांशाची हमी कायम राहिली, आणि तो द्यायचा होता हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे शेतसारा इथल्या कुणब्याने भरायचा आणि पंगत तिकडे बसायची. १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं, तरी ही पंगत उठली नाही. १ जून १८७४ रोजी कंपनी कायद्याने विसर्जित झाली, तेव्हा कुठे हात धुतले गेले. त्या शब्दातली भाकरी इतक्या उघडपणे दुसऱ्याच्या ताटात कधीच गेली नसेल.

यानंतर मराठी माणसाने हा शब्द उचलला तो सरकारसाठी नव्हे, तमाशा-नाटकासाठी, आणि मला वाटतं तिथेच तो पहिल्यांदा मराठी झाला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी नाटक मंडळी काढली, १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पाटीवर 'मंडळी' असे. तोंडात मात्र किर्लोस्कर कंपनी, गंधर्व कंपनी. कंपनीचं बिऱ्हाड एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई. पेट्या, पडदे, तबले, आचारी, सगळं बरोबर. एकाच छपराखाली झोपायचं, एकाच पंगतीला जेवायचं. लॅटिन न शिकता या लोकांनी त्या शब्दाचा मूळ अर्थ अचूक पाळला. पण घरच्यांना विचाराल तर 'पोरगा कंपनीत गेला' हे त्या काळी रडण्याचं कारण होतं. पोरगा हातचा गेला, त्याला कोणी मुलगी देणार नाही. आज सातपुरात ज्या वाक्यावर सोयरीक जुळते, त्याच वाक्यावर शंभर वर्षांपूर्वी ती मोडत होती.

याची सगळ्यात नामी साक्ष त्र्यंबकच्या त्याच रस्त्याच्या टोकाला जन्मली. धुंडिराज गोविंद म्हणजेच दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले. दादरला त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला तेव्हा काम करायला माणसं मिळेनात. नट म्हटलं की लोक दारं लावून घेत. मग दादासाहेबांनी आपल्या माणसांना शिकवलं : कोणी विचारलं तर सांगा, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. फॅक्टरी म्हटली की अब्रू शाबूत. सिनेमाने आपली लाज झाकायला कारखान्याचं नाव घेतलं. पुढे परेश मोकाशींनी २००९ मध्ये याच नावाने चित्रपट केला. दादासाहेबांच्या चित्रपटात तारामतीची भूमिका करायला बाई मिळाली नाही, तेव्हा ग्रँट रोडवरच्या हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके पुढे आले. आणि या सगळ्या लवाजम्याला, साठ-सत्तर माणसांना, जेवू घालायचं काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. तेवढ्यावर भागत नसे. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, कपडे धुणं, सगळं त्यांच्याकडे. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. श्रेय दादासाहेबांना मिळालं आणि ते योग्यच आहे. पण 'बरोबर भाकरी खाणारे' हा अर्थ धरला तर त्या कंपनीची खरी संस्थापक चुलीजवळ बसली होती, असं माझं मत आहे.

त्यानंतर फाळके नाशिकला आले. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी झाली, आणि आता कंपनी हा कायद्याचा शब्द झाला : भाग, भागीदार, हिशेब, मतभेद. दादासाहेबांचं भागीदारांशी जमेना. ते काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, पुन्हा परत आले. जेवायला बसलेल्यांच्या कंपनीचं हिशेबाला बसलेल्यांच्या कंपनीत रूपांतर झालं की असं होतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच वारले. त्यांचं स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशी आहे.

कंपन्यांच्या नावातही कधीकधी जुनी सोबत दडलेली असते. सातपूरच्या 'महिंद्रा अँड महिंद्रा'मधला दुसरा महिंद्रा हा आधी मोहम्मद होता. १९४५ मध्ये कंपनी निघाली ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथली पाटी बदलली. 'एम अँड एम' ही अक्षरं तशीच राहिली.

आता सातपुरातली जेवणाची सुट्टी. मोठ्या कारखान्याची नाही, एखाद्या गाळ्याची सांगतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक पॉवर प्रेस, कूलंटचा आंबूस वास. साडेबाराला मशिनं थांबतात. हात आधी कॉटन वेस्टने पुसायचे, मग साबणाने धुवायचे, तरी नखांत काळं राहतंच. खोक्याचा एक पुठ्ठा उलगडून जमिनीवर पसरला की पंगत तयार. खानदेशच्या माणसाच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पेठ-सुरगाण्याकडच्या पोराच्या डब्यात नागलीची. बिहारहून आलेला वेल्डर रूमवर रात्री केलेली लिट्टी आणतो, आणि ती काय आहे हे त्याला पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगावं लागतं. ठेचा मधोमध सरकतो. "अण्णा, घ्या ना." "आज उपास हाये रे." "मग शेंगदाणे तरी घ्या." मालक असेल तर तोही पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यावर बसतो, कारण गाळ्यात दुसरी जागाच नसते. अशा गाळ्याची नोंदणी बहुधा कंपनी म्हणून झालेली नसते. प्रोप्रायटरी असते नाहीतर भागीदारी. बोलताना मात्र तीही कंपनीच, आणि कायद्याला काय वाटायचं ते वाटो, लोकांचं बरोबर आहे.

मोठ्या कारखान्यांत ही पंगत कायद्यानेच आणली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४६ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीन काढायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. पण कंपनीत दोन जाती असतात. एक 'रोलवरची' आणि एक ठेकेदाराची. ठेकेदाराच्या माणसाला विचारा, तो म्हणतो, "कंपनीतच आहे, पण कॉन्ट्रॅक्टरकडे." त्या 'पण'मध्ये त्याचा अर्धा पगार अडकलेला असतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने त्याच्याही जेवणाची सोय सांगितली, शंभर किंवा जास्त माणसं असतील तर, आणि तीसुद्धा ठेकेदाराच्या माथी. साहजिकच काही ठिकाणी कूपनं वेगळी, दर वेगळे, वेळ वेगळी. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभं राहून एकच बोल्ट आवळणारी दोन माणसं जेवायला मात्र वेगळ्या रांगेत. एकाच्या ताटात गोड असतं, दुसऱ्याच्या नसतं. मग कायद्याने ती प्रायव्हेट लिमिटेड असो की पब्लिक, त्या शब्दाच्या हिशेबाने ती कंपनी नव्हे.

कंत्राट, रोल, कायम, हंगामी हे सगळं सुटायला वेळ लागेल. युनियन आणि न्यायालयं आहेत, ती चालू राहतील. तोवर सातपुरातल्या कुठल्याही कारखान्यात ज्यांच्या हाती कँटीनचं काम असेल, त्यांना एवढीच विनंती आहे : कूपनं छापाल तेव्हा सगळ्यांची एकाच रंगाची छापा.